दचकणाऱ्यांचं घर

"मॅडम, एखादा माणूस भित्रा असेल, तर त्याच्या मेंदूत नेमकं काय कमी असतं?"

प्रश्न संघमित्राचा नव्हताच मुळी. तो दिपमालाचा होता, त्यावर सुलक्षणाने मलई कुल्फीची पैज लावली होती, आणि त्याचा रोख होता पुढच्या रांगेत बसलेल्या गिरधर सरांवर, जे प्रयोगशाळेत पाल दिसली की स्टुलावर चढून नववी-दहावीला विज्ञान शिकवतात. "तू विचारशील तर खरी," असं दिपमाला म्हणाली आणि संघमित्रा, सगळ्यांची मित्रा, उठली. हल्ली ती उठायचीच. जळगावच्या शाळेत गेल्या वर्षापर्यंत तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता, हजेरीला 'हजर' म्हणताना बाई दोनदा मान वर करायच्या. मग वक्तृत्व स्पर्धेत कुणीतरी आजारी पडलं म्हणून हिला उभं केलं आणि छातीतून जो आवाज निघाला तो ऐकून पहिली तीच चकित झाली. तेव्हापासून तिला आपल्या आवाजाचा छंदच लागला होता. धुळ्याच्या या विज्ञान शिबिरातही सकाळपासून तिचे तीन वक्त्यांना उठून प्रश्न विचारून झाले होते. हा चौथा. सभागृह हसलं, गिरधर सरांनी चष्मा पुसायला घेतला, आणि व्यासपीठावरच्या, पुण्याहून आलेल्या मेंदूच्या संशोधक बाई, सुती साडीतल्या, पायात साध्या चपला, मात्र हसल्या नाहीत. "भित्रा म्हणजे कसा?" त्यांनी विचारलं. "अंधारात जायला नको म्हणतो तसा, की आवाज झाला की दचकतो तसा? ही दोन वेगळी माणसं आहेत, बाळा." आणि मित्राच्या तोंडून पुढचं आपोआप निघून गेलं, "दचकतो तसा. दचकून पडतो तसा." दिपमालाने तिच्या पोटरीला चिमटा काढला, कारण हे पैजेत नव्हतं.

बाईंनी मग जे सांगितलं ते बाकीच्या मुलामुलींना जेवणाच्या सुट्टीआधीचं कंटाळवाणं उत्तर वाटलं असेल. मेंदू म्हटला की आपल्याला वाटतं सगळा कारभार 'चल, पळ, बोल' असाच चालतो, त्या म्हणाल्या, पण 'थांब, पुरे आता' म्हणणं हे तितकंच मोठं काम आहे. एक पेशी दुसरीला जिथे भेटते त्या सांध्यावर निरोप पडतो, आणि पलीकडच्या पेशीच्या अंगावरचे इवलेसे दरवाजे तो घेऊन उघडतात. थांबवणाऱ्या सांध्यांवर हे दरवाजे उघडले की ती पेशी शांत होते. "पण गंमत अशी की हे दरवाजे भिंतीत बसवलेले नसतात. पेशीचं अंग म्हणजे तेलाचा पातळ थर. शेवभाजीवरची तर्री असते ना, तशी समजा. त्यात हे दरवाजे तरंगत फिरत असतात. निरोप इथे पडायचा आणि दरवाजा गेलेला तिकडे, असं झालं तर?" म्हणून आतल्या बाजूने त्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. गेफिरिन त्याचं नाव, पूल या अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दावरून ठेवलेलं. त्याचे कण एकमेकांचे हात धरून जाळी विणतात, ती कुठे विणायची ते दुसरी प्रथिनं दाखवतात, आणि त्या जाळीवर दरवाजे येऊन टेकतात, काही वेळ थांबतात, जातात, दुसरे येतात. धरून ठेवणं म्हणजे खिळा ठोकणं नव्हे, बाई म्हणाल्या. मित्राला रावेरच्या मामाची केळीची बाग दिसली. घड भरला की खोडाला बांबूचे टेकू देतात; आणि टेकू नसलेलं झाड वाऱ्यात वाकत नाही, लवत नाही, सबंधच्या सबंध आडवं पडतं.

"काही घराण्यांत," बाई सांगत होत्या, "हे दरवाजे जन्मापासूनच बिघडलेले असतात. किंवा फार क्वचित, त्यांना धरणारं काहीतरी. अचानक आवाज झाला की अंग लाकडासारखं ताठ होतं. पडताना हातसुद्धा पुढे येत नाहीत. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं बघत, ऐकत पडतो. हे फेफरं नव्हे. आणि भीती तर नव्हेच. दचकणं आधी येतं. भीती मागाहून येते, लोक हसायला लागले म्हणजे." मग आपल्याच नाकाच्या शेंड्याला बोट लावून त्या म्हणाल्या, "इथे हलकी टिचकी मारली तरी या माणसांचं डोकं मागे फेकलं जातं. तुमचं एकदोनदा जाईल, मग मेंदू म्हणेल, पुरे, कळलं. त्यांचं दर वेळी जातं." मित्रा खाली बसायला विसरली होती. तिच्या डोळ्यांसमोर बाबांचा वरचा ओठ आला, मिशीत न झाकणारा तो पांढरा व्रण. लहानपणी ती त्यावरून बोट फिरवायची आणि विचारायची, हे काय झालं होतं? "न्हाव्याचा हात हलला," बाबा म्हणायचे. न्हावी मिशीखालचं कापायचं तर नाकाचा शेंडा चिमटीत धरतो. न्हाव्याचा हात हलला नव्हता. तेव्हापासून बाबा कुठल्याच न्हाव्याकडे गेलेले नव्हते, दाढी घरी, केससुद्धा आईच कापायची, आधी सांगून, "आता उजव्या कानाशी येते हं."

आधी सांगून. तिचं सगळं घरच तसं होतं, आणि घर असंच असतं असं तिला फार दिवस वाटत आलेलं होतं. दाराला घंटी नाही. कुणाचाही मोबाइल वाजत नाही, फक्त थरथरतो. कुकरखालचा गॅस वाढवला की आई बाहेरच्या खोलीत येऊन सांगायची, "शिट्टी होईल हं," आणि बाबा, म्हणजे राजदीप, पेपरातून मान वर न करता 'हं' म्हणायचे आणि खुर्चीचा हात धरायचे. सुलक्षणाकडे पहिल्यांदा अभ्यासाला गेली तेव्हा तिच्या आईने न सांगता मिक्सर सुरू केला होता, आणि मित्राला ते उर्मटपणाचं वाटलं होतं. दिवाळी आली की हे तिघं रावेरला, मामाच्या बागेत. बाकीचे नातेवाईक म्हणायचे, काय बाई यांना केळीचं वेड. केळीच्या पानांत फटाका ऐकू येत नाही, एवढंच ते वेड. बाबांची नोकरी सरकारी कार्यालयातल्या रेकॉर्डच्या खोलीत, जिथे बदली म्हणजे शिक्षा समजतात, आणि ती त्यांनी मागून घेतलेली. कार्यालयातली माणसं चांगली आहेत, ती दाराशी येऊन खोकतात. चांगली नाहीत ती दाराशी येऊन टाळी वाजवतात. एकदा ती डबा द्यायला गेली होती तेव्हा एकाने वाजवली. बाबा रॅकला धरून उभे होते म्हणून पडले नाहीत, नुसते खांबासारखे झाले, डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. तिने डबा टेबलावर ठेवला आणि निघून आली. रस्ताभर ती त्यांच्यावर चिडलेली होती. टाळी वाजवणाऱ्यावर नाही, बाबांवर. बाकी कुणाचे बाप घाबरत नाहीत, मग माझेच का, असं. आता या सभागृहात, पंख्यांच्या घरघरीत, तिला तो राग जसाच्या तसा आठवला आणि कानांच्या पाळ्या तापल्या.

याच धुळ्यात बाबा पोलीस भरतीला आले होते. ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही, आबांनी सांगितली, आबा म्हणजे आधार आबा, बाबांचे वडील, पारोळ्याला असतात. पारोळ्यात राजदीपच्या पायाला पाय लावणारा कुणी नव्हता, धावण्यात. मैदानावर रांग लागली, साहेबाने शिट्टी फुंकली, सगळी पोरं सुटली आणि एक पोरगा रेषेवरच तोंडावर आपटला, हात अंगाला चिकटलेले. "शिट्टीनाच भ्यायना," आबा सांगायचे, हसून नाही, दुःखाने. आणि आबा वाईट माणूस नव्हते, उलट, मित्राने स्पर्धेत केलेलं भाषण अर्धं त्यांच्याकडूनच आलेलं होतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, पोराला बाहेरचं आहे, अमुकतमुककडे न्या, उतारा टाका. आबांनी तरुणपणीच घरातला शेवटचा गंडा-दोरा तोडून चुलीत घातलेला. "आपला घरमा भूतबित काही नही शे," ते ठणकावून सांगायचे, "भ्याव शे. आन् भ्याव काढता येस." भूत नाही म्हटल्यावर भीतीच उरली. तिसरा शब्दच त्यांच्याजवळ नव्हता. मग ही भीती काढायला त्यांनी उपाय योजला, तो मात्र त्यांच्या आईपासून चालत आलेला: जन्मलेल्या लेकराच्या कानाशी काशाची थाळी वाजवतात, म्हणजे मूल पुढे दचकत नाही. बाकी सगळं सोडलं, ही एक थाळी तेवढी त्यांनी सोडली नाही, कारण ती त्यांना देवाधर्माची वाटत नव्हती, शास्त्राची वाटत होती. सवय झाली की भीती मोडते. राजदीप शाळेत होता तोवर, अभ्यासाला बसलेला असताना, जेवताना, आबा मागून येऊन थाळी वाजवत आणि पडलेल्या पोराला उचलून अंगावरची धूळ झटकत. "आज कमी भ्यायना," असंही म्हणत, त्याला बरं वाटावं म्हणून. ज्याला सवय होतच नाही त्याला सवय लावत होते. बाबांची धाकटी बहीण, विशाखा आत्या, तीही पडायची, पण बाईमाणसाच्या पडण्याला 'चक्कर' म्हणून लोक मोकळे होतात, तिच्यामागे थाळी लागली नाही.

आणि विशाखा आत्याला आता मुलगी झाली होती. मित्रा खाली बसली ती विचार इथे पोचल्यावर. आत्या बाळंतपणाला माहेरी पारोळ्याला आलेली, तिचे यजमान सुरतेला कामाला. मागच्या रविवारी सगळे बाळ बघायला गेले होते. रुक्माबाई आजीने, आत्याच्या आईने, पाय लांब करून बाळाला पायांवर घेतलं, पाण्याचा पहिला तांब्या पडला, आणि ते एवढंसं अंग मुसळासारखं सरळ झालं, मुठी आवळलेल्या, ओठ जांभळट, आणि रडणं मध्येच तुटलेलं. "हाडानं टणक शे माय मनी," आजी कौतुकाने म्हणाली, आणि सगळे हसले, मित्राही हसली, तिनेच तर म्हटलं होतं की ही पुढे कबड्डी खेळणार. मग कधीतरी बाळ सैल पडलं आणि रडलं. आबांनी रोज सकाळी थाळी सुरू केलेली होतीच. येत्या रविवारी नामकरण होतं, आणि त्या दिवशी, जमलेल्या सगळ्यांसमोर, थाळी मामाने वाजवायची होती. मामा म्हणजे बाबा. आबांनी स्वतः थाळी पुसून बाबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "राज्या, आते तू वाजाडानी. तुले आते सवय व्हई गई शे." बाबांनी ती थाळी कशी घेतली होती. दोन्ही हातांनी. आणि येताना सबंध रस्ताभर ते, जे कधी गुणगुणत नाहीत, ते गुणगुणत होते.

व्याख्यान संपल्यावर मित्रा मुलींना चुकवून व्यासपीठामागे गेली. बाई वायर गुंडाळत होत्या. "लहान बाळांना असतं का हे?" तिने विचारलं. बाईंनी वायर खाली ठेवली. असतं, त्या म्हणाल्या, जन्मल्यापासूनच बाळ ताठ असतं, झोपलं की सैल पडतं. आवाजाने, आंघोळीत, अचानक हात लावला तर जास्त ताठ होतं, आणि त्या ताठपणात श्वास अडकू शकतो. वाढत्या वयात ताठपणा कमी होतो, दचकणं राहतं. पण आधी ते वाढायला पाहिजे. "अडकलं तर डोकं आणि पाय पोटाकडे दुमडायचे, असं गोळा करायचं, सुटतं. आणि औषध आहे, जुनं, साधं. त्याने उरलेल्या दरवाज्यांना जोर येतो. पण ते मी सांगायचं नाही, मी उंदरांच्या पेशी बघणारी बाई आहे. मेंदूचे डॉक्टर इथे धुळ्यात आहेत, तुमच्या जळगावात आहेत. कुणाचं बाळ?" मित्राला सबंध भाषण येत होतं, वाक्यं एकामागून एक तयार उभी होती, आणि घशातून फक्त निघालं, "आमचं." बाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "आणि तू?" त्यांनी विचारलं. मित्रा म्हणाली, "मी ठीक आहे," आणि पळाली.

मी ठीक आहे, मी ठीक आहे. परतीच्या बसमध्ये तिघी एका बाकावर, कुल्फीच्या काड्या खिडकीच्या गजांत खोचलेल्या, मागे मुलं भेंड्या खेळत होती. "तू ना, जाम भारी बोललीस," दिपमाला म्हणाली, "दचकून पडतो तसा. गिरधर सरांचं तोंड बघायला हवं होतंस." मित्रा म्हणाली, "सुले, माझ्या नाकावर टिचकी मार." सुलक्षणा म्हणाली, "वेड लागलं का तुला?" "मार ना. मी डोळे मिटते." सुलक्षणाने मारली, हळूच, आणि मित्राचं डोकं मागच्या पत्र्यावर आदळलं. दोघी खिदळल्या. "अजून मार." पुन्हा आदळलं. ती ठरवत होती की आता हलायचं नाही, दातावर दात दाबून, मान आवळून, बोट कधी येणार हे माहीत असून. आणि तिचं ठरवणं पोचायच्या आतच डोकं गेलेलं असायचं. जणू तिच्या आत कुणीतरी राहत होतं ज्याला तिचं भाषण ऐकू येत नव्हतं. "आता मला मार," म्हणून दिपमालाने डोळे मिटले. तिच्या पापण्या पहिल्यांदा फडफडल्या, मग तेही नाही, ती नुसती दात काढून बसली. "मित्रे, तुझंच का असं?" तिने विचारलं. तिला त्यात काही दिसत नव्हतं, ती नुसतीच विचारत होती. मित्रा म्हणाली, "पत्रा गरम आहे," आणि खिडकीबाहेर पाहू लागली. पाचवीत शाळेच्या मैदानावर कुणीतरी मागून 'भॉ' केलं होतं आणि ती हौदाच्या कठड्यावर पडली होती. त्यानंतर ती कितीतरी दिवस कुणाशी बोलत नव्हती. वक्तृत्वात टाळ्या वाजल्या तेव्हा ती व्यासपीठाचं लाकूड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. सगळ्यांना तो रुबाब वाटला. तिलाही.

पारोळ्याच्या स्टँडवर बस चहाला थांबली. किल्ल्याची भिंत उन्हं कलल्यामुळे विटकरी दिसत होती, बाजार समितीकडून भरलेले ट्रॅक्टर येत होते. आबांची गल्ली स्टँडमागेच होती. उतरायचं, चालायचं, दारात उभं राहून सांगायचं, एवढंच तर होतं. सकाळची मित्रा उतरलीही असती. ही मित्रा बाकाला चिकटून बसली. तिला आबा दिसत होते, ओट्यावर, तिचं भाषण पाठ करून घेताना, "आवाज पोटमाईन काढ, पोरी." त्यांना काय सांगायचं? की आबा, तुम्ही भूत मानलं नाहीत हे खरं, आणि तरीही एक मानलंत? ज्या माणसाने गल्लीशी भांडून लेकराला मांत्रिकाच्या धुरीपासून वाचवलं, त्याला सांगायचं की तुम्ही त्याच लेकराला रोज पाडलंत? तिने आत्याला फोन लावला. आत्याने दबक्या आवाजात उचलला. मित्राने बाईंचं सगळं सांगितलं, भराभर, डोकं आणि पाय पोटाकडे, तेही सांगितलं. मग आत्या म्हणाली, "आज सकाळी थाळीनंतर निळी पडली होती ती. आजी म्हणे गारठा बाधला." आणि मग, "मी आबांना काय सांगू? आबा माझं ऐकतात का? तू राजादादाला सांग. आता त्याचं ऐकतील." कंडक्टरने घंटी मारली आणि मित्रा जागच्या जागी ताठली, फोन मांडीवरून घसरून पायाशी पडला. कुणाचं लक्ष नव्हतं. बस निघाली. एरंडोलपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

घरी पोचली तेव्हा आई मेथी निवडत होती आणि बाबा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलेले. समोर थाळी. चिंच लावून घासलेली, सोन्यासारखी. ते लाकडी दांडीने तिच्या काठावर अगदी हळू टकटक करत होते, आणि प्रत्येक टकटकीला त्यांचे खांदे बारीकसे उडत होते, आणि ते पुन्हा करत होते. तालीम चालली होती. आपल्याच हाताच्या आवाजाला सरावायची. मित्राने दारातूनच हाक मारली, आत आली, दप्तर खाली ठेवलं आणि उभ्याने सांगून टाकलं. तर्री, दरवाजे, टेकू, सगळं. वाक्यं उलटीसुलटी होत होती, गेफिरिन म्हणताना जीभ अडखळत होती. बाबा ऐकत होते. दांडी त्यांनी खाली ठेवलेली. न्हाव्याचं म्हटल्यावर त्यांचा हात ओठाकडे गेला आणि तिथेच राहिला. "म्हणजे," ते म्हणाले, फार हळू, जणू ते त्यांच्या रेकॉर्डच्या खोलीतलं फार जुनं काहीतरी उघडत होते, "मी भ्यायलो नव्हतो. धुळ्याला." मित्रा म्हणाली, "नाही बाबा." "मला वाटायचंच. शिट्टी झाली तेव्हा मला मजा वाटत होती. पळायची घाई झाली होती. मग पडलो, आणि लोक म्हणाले भ्यायला. एवढे सगळे म्हणतात म्हटल्यावर वाटलं, असेन." आई मेथीची काडी तशीच हातात धरून बसली होती.

मित्राला वाटलं, झालं. आता बाबा उठतील, आबांना फोन लावतील. तिच्या छातीत ते व्यासपीठावरचं मोकळं होणं दाटून यायला लागलं होतं. पण बाबांनी दांडी पुन्हा उचलली आणि दोन्ही हातांत आडवी धरली. "रविवार होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "एकदाच तर वाजवायची. मी हळू वाजवीन. लांबून." "बाबा, ती आज निळी पडली होती." "मग अगदी हळू." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "तुला नाही कळायचं, मित्रा. आबा आता थकलेत. त्यांनी माझ्या हातात दिलीय थाळी, सगळ्यांच्या समोर. त्यांना वाटतंय, मी बरा झालो. आता जाऊन त्यांना सांगू, की आबा, मी कधी भित्रा नव्हतोच, तुम्ही उगाच? या वयात त्यांनी ते कुठे ठेवायचं? त्यापेक्षा भित्रा परवडला." आणि हे ते रागाने म्हणत नव्हते. समजूत घालत होते, तिची की स्वतःची. मित्राला पुन्हा तोच राग आला, डब्याच्या दिवशीचा, बापावरचा. पण या वेळी त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी हाताला लागलं, मऊ आणि असह्य. या माणसाने आयुष्यभर पडून पडून एक गोष्ट मिळवली होती आणि ती गोष्ट समोर सतरंजीवर चमकत होती. ती त्यांच्याकडून घ्यायची तर तिलाच घ्यावी लागणार होती. आणि घेतली तर ते तिला कधी माफ करतील की नाही हे तिला माहीत नव्हतं. दुसरीकडे ते जांभळे ओठ, नाव नसलेलं एवढंसं तोंड, उद्या सकाळी पुन्हा. मध्ये तीच होती फक्त. तिला वाटलं, गेफिरिनला काही वाटत असेल का, असं अधेमध्ये उभं राहून.

"तुलाही आहे का गं?" आईने एकाएकी विचारलं. मित्राने मान हलवली. हो. आईच्या बांगड्यांचा बारीक आवाज झाला, ती उठून तिच्याजवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला, आधी न सांगता, पहिल्यांदाच. मित्राचं अंग ताठलं आणि हळूहळू सुटलं. बाबा बघत होते. कितीतरी वर्षांनी कुणाचं तरी दचकणं ते बाहेरून बघत होते.

"उद्या पहिल्या गाडीने मी पारोळ्याला चाललेय," मित्रा म्हणाली. आवाज व्यासपीठावरचा नव्हता, घरातलाही नव्हता. "रोजची थाळी उद्यापासून बंद, रविवारचीही वाजणार नाही. आबांना मी सांगणार, तुमचं नाव न घेता, माझं म्हणून सांगणार, आणि आत्याला आणि बाळाला उद्याच धुळ्याला डॉक्टरकडे नेणार. आई, तू आलीस तर बरं, नाहीतर मी एकटी नेईन. आणि बाबा, आबांनी तुम्हाला पहिल्यांदा काहीतरी दिलंय, ते मी काढून घेतेय. मला कळतंय ते. तरी मी जाणार."